बीजुकांची उष्णतारोधकता व वाढीचे तापमान

बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियम इ. वंशांतील सूक्ष्मजंतू प्रतिकूल परिस्थितीत सुप्त बीजुके निर्माण करतात. वाढत्या कोशिका ज्या उष्णतेने मरतात, तीत बीजुके टिकून राहतात. फेर्डिनांट कोन यांनी गवताच्या काढ्यातील बॅसिलस सबटिलिसच्या व रोबेर्ट कॉख यांनी संसर्गजन्य काळपुळीच्या जंतूच्या बीजुकांचे वर्णन १८७६ मध्ये केले. काढा अंतराअंतराने पुनःपुन्हा तापविल्यास, मधल्या काळात अंकुरलेली बीजुके मरून तो निर्जंतुक होतो, असे जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये दाखविले.

या प्रश्नाचे व्यावहारिक गांभीर्य डबाबंद अन्नामुळे स्पष्ट झाले. १९१९ मध्ये अमेरिकेत डबाबंद ऑलिव्ह फळांतून झालेल्या बॉट्युलिझम या विषबाधेने अनेकांचे प्राण घेतले. जे. आर. एस्टी व के. एफ. मायर यांनी १९२२ मध्ये क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमच्या बीजुकांच्या उष्णतारोधकतेची मापने प्रसिद्ध केली. कमी अम्लीय अन्नाच्या डबाबंदीत सु. १२१° से. हे संदर्भ तापमान मानून आखलेल्या प्रक्रियांना त्यांचा आधार मिळाला.

तथापि उष्णतारोधकता केवळ जातीवर अवलंबून नसते. बीजुके कोणत्या तापमानास तयार झाली यावरही ती ठरते. डी. आर. थिओफिलस व बी. डब्ल्यू. हॅमर यांनी १९३८ मध्ये आटीव दुधातील बीजुकधारी जंतूंच्या बाबतीत, तर आर. व्ही. लेकोविच व झेड. जे. ऑर्डाल यांनी १९६२ मध्ये बॅसिलस वंशातील जातींच्या बाबतीत हा परिणाम अभ्यासला. सामान्यतः अधिक तापमानास तयार झालेली बीजुके अधिक काटक असतात. मात्र वाढीच्या कमाल मर्यादेजवळ हा नियम टिकतोच असे नाही.

याचे मुख्य कारण बीजुकाच्या गाभ्यात आहे. अधिक तापमानास बनलेल्या बीजुकांच्या गाभ्यात पाण्याचे प्रमाण कमी असते. जोन पॉवेल यांनी १९५३ मध्ये बीजुकांत डायपिकोलिनिक अम्ल ओळखले. गाभ्यात ते मुख्यतः कॅल्शियमाशी निगडित असते. टी. सी. बीमन व फिलिप गेरहार्ट यांनी १९८६ मध्ये उष्णतारोधकतेचा संबंध गाभ्याची निर्जलता, खनिजांचे प्रमाण व तापमानाशी झालेले अनुकूलन या तीन घटकांशी जोडला.

परिणामी, प्रयोगशाळेत कमी तापमानास वाढविलेल्या बीजुकांवरून काढलेला उष्णता-प्रक्रियेचा कालावधी उष्ण परिस्थितीत तयार झालेल्या बीजुकांसाठी अपुरा पडू शकतो. म्हणून निर्जंतुकीकरणाची कसोटी घेताना बीजुकांची जात व संख्या यांबरोबरच त्यांच्या वाढीचे तापमानही नोंदविणे आवश्यक ठरते.