खाडीकाठची केतकी

भाद्रपद जवळ आला की पेडणे-डिचोलीच्या खाडीकाठी वाऱ्याबरोबर केवड्याचा घमघमाट येऊ लागतो. मराठीत आपण हिला केतकी वा केवडा म्हणतो. कोंकणीत ती केदगी. गणपतीच्या एकवीस पत्रींत तिला मान आहे, शिवाला मात्र ती वर्ज्य. शिवलिंगाचा शेंडा पाहिल्याचे असत्य ब्रह्मदेवाने सांगितले व केतकीने त्यास साक्ष दिली, ही शिवपुराणातील कथा वाचकांस परिचितच आहे.

हिचा लिखित इतिहास पाहू जाता एक अभिमानाची गोष्ट हाती लागते. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या लॅटिन ग्रंथात (१६७८–१६९३) ‘कैदा’ या मलबारी नावाने हिच्या जाती वर्णिल्या आहेत. या ग्रंथास साहाय्य करणारे रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे कोचीनचे वैद्य कोंकणी भाषक होते. त्यांचे १६७५ सालचे कोंकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीतच छापले आहे.

इकडे तिसवाडी, बारदेश व साष्टीतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतील नार्व्यास आला. १६६८ त शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. डिचोली १७८१ त व पेडणे १७८८ त पोर्तुगीजांकडे गेले, तोवर देवळे पाडण्याचा तो काळ सरला होता. म्हणून या महालांत देव आपल्या जागी राहिले, आणि देवांबरोबर फुलापत्रीचे ज्ञानही राहिले.

केतकीत नर व मादी झाडे वेगळी. सुवासिक कणीस नराचेच. मादीस अननसासारखे फळ धरते. यास्तव बी न पेरता, खात्रीच्या नर झाडाची फांदी किंवा बुडातील फुटवा पावसाच्या आरंभी लावावा. तीन-चार वर्षांत कणीस येते. खारे वारे व रेताड भूमी तिला मानवते. तिची आधारमुळे काठाची माती धरून ठेवतात.

अशी ही उपकारी झुडपे आज काटेरी म्हणून, सापांचे घर म्हणून, इमारतींच्या आड येतात म्हणून तोडली जात आहेत. चतुर्थीस केवडा बाजारातून विकत आणावा लागणे ही खाडीकाठच्या गावास शोभणारी गोष्ट नव्हे. बांध एकदा उघडा पडला की भरतीचे पाणी शेतात शिरण्यास वेळ लागत नाही.

आमची देवस्थानांच्या महाजनांस एवढीच विनंती आहे की, देवालयाच्या जमिनीच्या खाऱ्या कडेला दरवर्षी केतकीचे चार फुटवे लावावेत. पूर्वजांनी देव सांभाळले, ते ज्या काठांनी आले तो काठ सांभाळणे आपल्या हाती आहे.