आपत्तीचे पहिले तास आणि कोल्हापूर

आग आणि महापूर अशा दोन्ही संकटांना कोल्हापूरच्या अग्निशमन दलाला तोंड द्यावे लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीने ५५ फुटांचीही मर्यादा ओलांडली. शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बेंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. म्हणजेच, गरज सर्वाधिक असते तेव्हाच बाहेरील मदतीची वाट अडू शकते. पहिल्या काही तासांत भिस्त राहते ती स्थानिक जवान व स्वयंसेवकांवर.

८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा बळी गेला. बोटीची क्षमता पाळणे, जीवरक्षक जॅकेटशिवाय कोणालाही न बसविणे, हे नियम साधे असले तरी गोंधळात ते सरावानेच पाळले जातात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांत नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय अग्रगण्य आहे. मात्र नदीचा प्रवाह आणि शहरातील अरुंद गल्ल्या यांची ओळख स्थानिक सरावातूनच होते. शेजारील जिल्ह्यांची पथके, पोलीस व रुग्णवाहिका सेवा यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र सराव करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.