लेपापासून परीक्षानळीपर्यंत हळद

मुकामारावर हळदीचा कढत लेप लावण्याची रीत कितीही जुनी असली, तरी त्यातील नेमके कोणते द्रव्य सूज उतरवते, याचा शोध आधुनिक विज्ञानाने सावकाशच घेतला. 1815 मध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतील पिवळे रंगद्रव्य वेगळे केले आणि 1910 मध्ये त्याची, म्हणजे कर्क्युमिनची, रचना मांडली गेली. परंतु ही जिज्ञासा मुख्यतः रसायनाची होती, औषधाची नव्हे.

औषधी गुण तपासण्यासाठी मोजमापाची रीत हवी होती. 1962 मध्ये वर्णिलेल्या अशा एका चाचणीत लाल समुद्रशैवालापासून मिळणारे कॅरागीनन उंदराच्या पंजात टोचून सूज आणली जाते, आणि औषध दिलेल्या व न दिलेल्या उंदरांच्या पंजांचे आकारमान काही तासांनी मोजून द्रव्याची शोथहर, अर्थात सूज कमी करणारी, शक्ती ठरवली जाते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी 1973 मध्ये कर्क्युमिनचा हा शोथहर गुण प्रयोगाने दाखवला, तर अस्थिर मुक्त मूलकांना निष्प्रभ करण्याची, म्हणजेच ऑक्सिडीकरणरोधक, क्षमता 1976 मध्ये नोंदली गेली.

जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे 1995 मधील अमेरिकी पेटंट मात्र नव्या प्रयोगांमुळे नव्हे, तर जुन्या लिखित दाखल्यांमुळे 1997 मध्ये रद्द झाले. ती लढाई रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जिंकली. गुणाची सिद्धता ही वेगळी बाब होती, कारण पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प उतरते, आणि 2017 मधील एका विस्तृत समीक्षेने परीक्षानळीतील त्याच्या अनेक यशांवरच प्रश्नचिन्ह लावले.