बाळाआधीचं टोपडं

आज बाळंतविड्याबद्दल बोलू या. बाळंतविडा म्हटलं की आईला लुगडं-चोळी, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, आणि बाळाला अंगडं, टोपडं, कुंची, दुपटं. शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. पण यातली कुठली वस्तू किती जुनी, कुणाच्या हातानं ती आपल्या घरात आली, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. लढायांच्या तारखा आपल्याला पाठ आहेत, टोपड्याची तारीख कुणाला माहीत नाही. म्हणून आज दोन सुया नि एक लोकरीचा गुंडा घेऊन थोडं मागं जाऊ.

आपलं डोणगाव मेहकर तालुक्यातलं, आणि सगळा वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. खामगावची बाजारपेठ इतकी मोठी झाली की १८७० मध्ये तिथवर खास रेल्वेचा फाटा टाकला आणि तो उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. इथला कापूस बोटीनं गेला आणि कापड होऊन परत आला. पण कापड गिरणीचं असो की कोष्ट्याच्या मागावरचं, बाळाच्या अंगाला पहिलं लागायचं ते जुनं लुगडंच. नऊवारी लुगडं वर्षानुवर्षं धुऊन, वाळवून, नेसून असं मऊ होतं की दुकानातलं कुठलंही नवं कापड त्याच्या पासंगाला पुरत नाही. एक लुगडं फाडलं की त्यात बाळोती, लंगोट, एखादं झबलं आणि आईच्या पोटाला बांधायचा पट्टा, सगळं निघायचं. उरलेल्या तुकड्यांची गोधडी. आजीच्या लुगड्यात नातू गुंडाळला म्हणजे माया तर होतीच, पण हिशेबही होता. गरिबीतला हिशेब म्हणून त्याला कमी लेखू नका. नव्या कापडाला खळ असते, रंग असतो, बाळाच्या कातडीला ते सोसत नाही.

मग लोकर आपल्याकडं नव्हती का? होती की. मेंढरं होती, धनगर होते, घोंगडी होती. बायांनी लोकर कातायची आणि मागावर घोंगडी विणायची, ही खुटेकर धनगरांची जुनी विद्या. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळी, टोचणारी. पावसात खोळ करायला, जमिनीवर अंथरायला तिच्यासारखी दुसरी नाही, बाळाच्या गालाला मात्र ती चालायची नाही. आणि घोंगडी मागावर विणली जाते, स्वेटर सुयांवर. आपल्या मराठीत 'विणणे' हा एकच शब्द खाटेला, टोपलीला, कापडाला आणि स्वेटरलाही चालतो, त्यामुळं हे सगळं एकच वाटतं. सुयांवर टाके घालून, सुलट-उलट करत, एकाच धाग्यातून कपडा उभा करायचा ही कला वेगळी. तिचे जुने तुकडे इजिप्तमध्ये सापडलेत, बहुतेक मोज्यांचे. तिथून ती युरोपात पसरली आणि आपल्या घरात आली ती मुलींच्या शाळेतून.

अमेरिकन मराठी मिशननं १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ ला सिंथिया फरार नावाची बाई अमेरिकेहून आली, पुढं १८३९ पासून ती अहमदनगरला राहिली. मिशनच्या शाळांत लिहिण्या-वाचण्याबरोबर मुलींना सुईचं काम शिकवलं जाई. मुलीला नुसती अक्षरं शिकवतो म्हटलं तर बाप नाक मुरडायचा. शिवण-टिपण शिकवतो म्हटलं की त्याचा विरोध थोडा मऊ व्हायचा. सुई पुढं करून पाटी आत आणली, असं मला वाटतं.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या पुष्कळ घरांत आजही बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत, विणत नाहीत. दृष्ट लागेल म्हणतात. पाळणाही आधी आणायचा नाही. आधी पाचवीला सटवाई पुजायची, बाराव्या दिवशी बारसं, आत्यानं कानात कुर्रर्र केलं की मग नवं अंगडं. तोवर जुनंपानंच. शहरातल्या शिकलेल्या लोकांना ही अंधश्रद्धा वाटते. मला तसं सरसकट म्हणवत नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली दोनशेच्या आसपास पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. पाचांतलं एक! आणि त्यातली कितीतरी पहिल्या काही दिवसांत. ज्या बाईनं महिनाभर जागून टोपडं केलं आणि बाळ राहिलं नाही, तिनं त्या टोपड्याचं काय करायचं? ते पेटीत ठेवायचं की जाळायचं? आधी काही करायचं नाही, हा नियम मला त्या दुःखाला घातलेला बांध वाटतो.

डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत. १८६५ चा जन्म. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि मूल अवघं दहा दिवस जगलं. म्हणजे बारशाआधीच गेलं. त्या दुःखातून ही बाई समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली, १८८६ ला डॉक्टर झाली, आणि तिथं प्रबंध लिहिला तो आपल्याकडच्या प्रसूतीच्या जुन्या पद्धतींवर. १८८७ मध्ये त्या स्वतःच गेल्या, बाविसाव्या वर्षाच्या आत.

त्यानंतर दोन वर्षांनी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६ ला धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो पुढं हिंगण्याला गेला. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्याचं सेवासदन उभं केलं. सेवासदनात बायकांना शिवण शिकवत, आणि तिथल्याच बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून रमाबाई झटल्या. म्हणजे बाळाचं अंगडं शिवणारी आणि बाळ सुखरूप बाहेर काढणारी, दोघी एकाच छपराखाली तयार होत होत्या. आणि या दोघींतल्या कितीतरी विधवा होत्या.

इथं जरा थांबू या. विधवेनं बारशाला पुढं यायचं नाही, पाळण्याला हात लावायचा नाही, ओटी भरायची नाही. हे आपण पाहिलंय, काहींनी सोसलंय, अजूनही गावोगाव चालतं. पण शिवणावर पोट भरणाऱ्या बाईकडून झबल्या-टोपड्यांचं काम करून घ्यायला कुणाची ना नव्हती. तिच्या हातचं टोपडं बाळाच्या डोक्यावर चालायचं, तिची सावली चालत नव्हती. या विसंगतीवर कुणी लेख लिहिल्याचं मला आठवत नाही, पण आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, त्या एका वाक्यात सांगतील.

लोकरीचं विणकाम घरोघर पोचायला मात्र वेळ लागला. कानपूरला लोकरीची गिरणी १८७६ ची, पण तिचा माल मुख्यतः फौजेसाठी. १९३० मध्ये किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक निघालं, पुढं बायकांच्या मासिकांत विणकामाचे नमुने येऊ लागले. १९६२ ला चीननं हल्ला केला तेव्हा बर्फात उभ्या जवानांसाठी देशभर बाया-मुलींनी स्वेटर नि मोजे विणले. त्याच नोव्हेंबरात आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्यामुळं महाराष्ट्रात तर घराघरात ते वारं होतं. माझ्या मते पुष्कळ जणींच्या हातात सुया तेव्हा पहिल्यांदा आल्या आणि लढाई संपल्यावर त्या सुया बाळाच्या मोज्यांकडं वळल्या. १९७२ मध्ये आपल्याच विदर्भात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत झाली. हिवाळ्यात शहरांमधून स्वेटर विकणारे तिबेटी दिसतात, ते तयार मालाचे व्यापारी. त्यांच्या दुकानानं आपलं हाताचं काम थोडं मागं पडलं हे खरं, पण वीण पाहून नमुना उचलणाऱ्या हुशार बायाही आपल्यात कमी नव्हत्या.

लोकरीचा संच विणायला पंधरा-वीस दिवस लागतात. शेतातून येऊन, भाकरी थापून, रात्री दिव्याखाली विणायचं तर महिनाही कमी पडतो. म्हणजे बारशाला द्यायचं तर बाळाच्या आधीच टाके घालायला हवेत. जुना नियम इथं मोडला. दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, लसी आल्या, बाळ जगेल याचा भरवसा वाटू लागला, तसं टोपडं बाळाच्या आधी तयार होऊ लागलं. २०२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात हजारी सोळा बालमृत्यू होते. दोनशेच्या जागी सोळा.

या उतरणीत आपल्याच विदर्भाचा मोठा वाटा आहे. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू केली. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला न्यूमोनिया वा जंतुसंसर्ग झाला तर औषध, श्वास अडकला तर उपाय, वजन, अंगावरचं दूध, आणि ऊब. ऊब म्हणजे काय, तर कोरडं पुसणं, आईच्या अंगाशी धरणं, डोक्याला टोपडं, अंगाला कपडे, आणि फारच लहान बाळाला उबदार पिशवी. १९९३-९५ मध्ये तिथं जन्मल्यापासून महिन्याच्या आत हजारी ६२ बाळं जात, २००१-०३ पर्यंत ते २५ वर आलं. सगळं श्रेय टोपड्याला नाही, औषधाचा वाटा मोठा. पण टोपडं त्या यादीत आहे. आज आपल्याकडं येणाऱ्या आशाताईच्या झोळीतली उबेची पिशवी याच कामातून आलेली.

आता हात चालवायचे असतील त्यांच्यासाठी थोडं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो, टोपडं ताणलं जाईल असं विणा. गळ्याशी लांब नाडी नको, फास बसतो. मोज्याच्या आत धाग्याची सैल टोकं ठेवू नका, बाळाच्या बोटाला गुंडाळून रक्त अडतं. बाजारातली स्वस्त लोकर बहुतेक अॅक्रेलिकची, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. ती शेगडीजवळ वितळते, म्हणून धुरी-शेक देताना अंगावर ठेवू नका. आणि वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडं जन्मणाऱ्या बाळाला लोकर घालून उकडवू नका. त्याला सुती धाग्याचं क्रोशाचं टोपडं, तेही गरजेपुरतं.

रंगाचं विचारतात बाया, निळी लोकर घेऊ का गुलाबी? मुलाला निळा नि मुलीला गुलाबी ही परदेशी दुकानांची टूम, शंभर वर्षांचीही धड नाही. पोटात काय आहे हे विचारायला आपल्या महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, कायद्यानं बंदी घातली. पिवळी घ्या, हिरवी घ्या. संक्रांतीला बोरन्हाणाला लागेल म्हणून एक काळं झबलंही करून ठेवा.