जुन्या फोटोतली बंदूक: पानिपतची की नंतरची?

समजा तुमचे घर पानिपतजवळच्या एखाद्या गावात आहे. भिंतीवर पणजोबांचा फोटो आहे. डोक्याला पागोटे, हातात उभी धरलेली लांब बंदूक. घरातली वडीलधारी माणसे सांगतात, ‘ही पानिपतच्या लढाईतली.’ हरियाणातील रोड समाजातील अनेक कुटुंबे आपले मूळ १७६१ च्या मराठा सैन्यात असल्याचे सांगतात. अशा घरात त्या बंदुकीला केवढा मान असेल! हा दावा फोटोवरून कितपत तपासता येतो, ते या पाठात पाहू.

प्रथम दोन तारखा वेगळ्या ठेवा: फोटोची आणि बंदुकीची. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. म्हणजे लढलेला माणूस फोटोत असणे जवळजवळ अशक्यच. बंदूक मात्र फोटोपेक्षा कितीही जुनी असू शकते.

आता बंदुकीची कळ पाहा. दारू पेटवण्याची पद्धत हीच तिची मुख्य ओळख.

१. तोड्याची बंदूक: जळता तोडा धरणारी वाकडी कळ दस्त्याच्या खाचेतून वर आलेली दिसते. बाजूला मोठा घोडा नसतो.

२. चकमकीची बंदूक: घोड्याच्या जबड्यात गारगोटी आणि तिच्यासमोर उभी पोलादी पट्टी. इब्राहिमखान गारदी यांच्या कवायती पायदळाकडे अशा बंदुका होत्या.

३. टोपीची (केपाची) बंदूक: गारगोटी नाही. घोडा एका बारीक नळकांडीवर पडतो व तिच्यावरची तांब्याची टोपी फुटते. आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट अलेक्झांडर फोरसाइथ यांनी १८०७ मध्ये घेतले. टोप्या त्यानंतर आल्या. १८५७ च्या काडतूस प्रकरणातील एनफील्ड याच प्रकारची. तिच्या नळीवर तीन कड्या असतात.

४. धातूच्या काडतुसाची, मागून भरायची बंदूक: १८६० नंतरची. मार्टिनी-हेन्री (१८७१) ओळखणे सोपे. बाहेर घोडा नाही, चापामागे खाली लांब दांडा.

लांबीही काढता येते. फोटोत माणूस ९.९ सेंमी व बंदूक ८.४ सेंमी असेल, तर गुणोत्तर सुमारे ०.८५. माणसाची उंची १६५ सेंमी धरली, तर बंदूक सुमारे १४० सेंमी. मात्र ती कॅमेऱ्याकडे कललेली असेल तर आखूड दिसेल. शिवाय कंपनी सरकारची चकमकीची बंदूक आणि एनफील्ड, दोन्ही साधारण एवढ्याच लांब. म्हणून केवळ लांबीवर निर्णय देऊ नका. घोडा सहसा नळीच्या उजव्या बाजूस असतो; तो डावीकडे दिसला तर फोटो उलटा छापला आहे का, हे कोटाच्या गुंड्यांवरून पाहा.

आता निष्कर्ष. फोटोत टोपीचा घोडा दिसला, तर बंदूक त्या रूपात १७६१ ची नाही. ‘त्या रूपात’ म्हणण्याचे कारण असे की एकोणिसाव्या शतकात चकमकीच्या अनेक बंदुका टोपीच्या करून घेतल्या गेल्या. नळी जुनी, कळ नवी. उलट तोड्याची बंदूक दिसली म्हणून दावा सिद्ध होत नाही, कारण हिंदुस्थानात तोड्याच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातही वापरात होत्या. थोडक्यात, कळ दावा खोडू शकते, सिद्ध करू शकत नाही.

आणि दावा खोडला गेला तरी काय खोडले गेले? फक्त बंदुकीचे वय. पूर्वज पानिपतावर होते की नव्हते, हा प्रश्न तसाच उरतो. त्यासाठी वंशावळी व जमिनीची कागदपत्रे पाहावी लागतील. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर बंदुकीला परवाना लागू लागला, तेव्हा घरात जुना परवाना आहे का, हेही विचारा. घरच्यांशी बोलताना ‘तुमचे खोटे आहे’ असे म्हणू नका. ‘ही बंदूक आपल्याकडे कधी आली असेल?’ असे विचारा. त्या प्रश्नातून अधिक इतिहास हाती लागतो.

सूचना: बंदूक अजून घरात असेल, तर चाप ओढून पाहू नका. ठासणीच्या बंदुकीत जुनी दारू भरलेली राहिलेली असू शकते.

सराव: घरातील किंवा संग्रहालयातील एका फोटोतल्या बंदुकीची कळ ओळखा. ती कोणत्या वर्षाआधीची असू शकत नाही, हे कारणासह पाच ओळींत लिहा.