फुटबॉलचा कारभारी आणि त्याची रयत

इंग्लंडातील कोणत्याही मध्यम आकाराच्या गावी शनिवारचा फुटबॉलचा सामना आटोपल्यानंतर पबांतून, परतीच्या बसगाड्यांतून आणि सोमवारी सकाळी कारखान्यांच्या फाटकांशी जो वाद पेटतो, त्यात कोणी कोणती संधी दवडली याची चर्चा थोडाच वेळ चालते. लवकरच तो मॅनेजर ठेवावा की घालवावा या एकाच प्रश्नाशी येऊन ठेपतो. वाद घालणारे सारे आपापल्या परीने जाणकार. कोणी तीस वर्षे त्याच पायरीवर उभे राहून खेळ पाहिलेला, कोणी बापाच्या खांद्यावर बसून पहिला सामना पाहिलेला. परंतु या सबंध मंडळींत मॅनेजरची नेमणूक करण्याचा किंवा त्याला बडतर्फ करण्याचा अखत्यार असलेला मनुष्य औषधालाही सापडावयाचा नाही. या वादाचा इतिहास चाळताना माझे मत असे बनत गेले आहे की, अखत्यार नाही म्हणूनच तो इतक्या तावातावाने घातला जातो. आणि मॅनेजर नावाचा अधिकारी फुटबॉलमध्ये स्थिरावला तोही पुष्कळ अंशी, ज्यांच्या हाती खरी सत्ता होती त्यांच्यापर्यंत लोकांचा रोष थेट पोहोचू नये, या सोयीमुळेच.

आरंभी मॅनेजर नव्हताच. कोठे प्रार्थनामंदिराच्या तरुणांनी, कोठे रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी, तर वुलिचच्या शस्त्रागारातील कामगारांनी 1886 साली, असे हे क्लब हौसेने काढले, आणि त्यांचा कारभार सभासदांनी निवडलेली समिती पाही. 1885 साली खेळाडूंना वेतन देण्यास मान्यता मिळाली, 1888 साली विल्यम मॅग्रेगर यांच्या खटपटीने बारा क्लबांची लीग उभी राहिली, मैदानांना भिंती आणि फाटके आली, आणि मजुरीची व कर्जाची जोखीम अंगावर येऊ लागताच या क्लबांनी एकामागून एक मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचे रूप धारण केले. त्या क्षणी, फारसा गाजावाजा न होता, एक मोठे सत्तांतर घडून आले. काल जो सभासद होता तो आज तिकीट काढणारा प्रेक्षक झाला, आणि दारूभट्टीवाले, बांधकामाचे ठेकेदार व सुखवस्तू दुकानदार हे संचालक झाले. फुटबॉल असोसिएशनने लाभांशावर पाच टक्क्यांची मर्यादा घातल्यामुळे त्यांना या धंद्यात पैसा फारसा मिळत नसे हे खरे. पण मान मिळे, आणि संघात कोणी खेळावे हे ठरविण्याचे सुखही मिळे. पगारी नोकर म्हणून एक सेक्रेटरी असे. ॲस्टन व्हिलाचे जॉर्ज रॅम्झी यांनी ते काम 1884 पासून 1926 पर्यंत केले. परंतु संघनिवडीचा अखेरचा शब्द संचालक मंडळाचा, आणि पराभवानंतरच्या शिव्याही, न्यायाने, त्याच मंडळाच्या वाट्याच्या.

ही व्यवस्था मोडण्यास हर्बर्ट चॅपमन हा मनुष्य मुख्यतः कारणीभूत झाला. हडर्सफील्डला त्याने 1924 व 1925 असे लागोपाठ दोनदा लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले होते, आणि त्याच 1925 साली आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी मॅनेजर हवा म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात देताना, खेळाडूंच्या खरेदीवर अवाच्या सव्वा रकमा उधळणाऱ्यांनी अर्ज करण्याची तसदी घेऊ नये, अशी तंबीही त्यात घातली होती. चॅपमन आला तो संघाची पूर्ण मुखत्यारी मागून, आणि 1928 साली त्याने बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजली! दरम्यान खुद्द नॉरिसच आर्थिक गैरव्यवहाराच्या ठपक्यावरून फुटबॉलमधून हद्दपार झाले. चॅपमनने 1930 चा एफ. ए. कप, 1931 व 1933 ची लीगची अजिंक्यपदे जिंकली, 1932 साली भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्थानकाचे नाव बदलून आर्सेनल करवून घेतले, आणि 1934 च्या जानेवारीत न्यूमोनियाने तो गेला तेव्हा इंग्लंडातील प्रत्येक क्लबाला आपल्यालाही असा एक मुखत्यार असावा असे वाटू लागले होते. 1945 साली मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅट बझ्बी यांनी तीच अट घातली. राष्ट्रीय संघाची निवड मात्र समितीच करीत राहिली, आणि ती पद्धत आल्फ रॅम्झी यांनी 1963 पासून बंद पाडली, त्यानंतर तीन वर्षांनी विश्वचषक आला.

मुखत्यारीबरोबर जबाबदारी आली, आणि जबाबदारीबरोबर बडतर्फीची टांगती तलवार. आपल्याकडील संस्थानांत गादीवरच्या महाराजांविषयी उघड ब्र काढण्याची सोय नसली तरी कारभाऱ्याच्या नावाने बोटे मोडण्यास रयत मोकळी असे, आणि असंतोष फार वाढला की महाराज कारभारी बदलीत, म्हणजे गादी शाबूत राही. इंग्रजी फुटबॉलमध्ये हुबेहूब हाच शिरस्ता पडला. प्रेक्षकांनीही तो मुकाट्याने पत्करला. 1927 साली पाठीराख्यांच्या मंडळांचा जो राष्ट्रीय संघ स्थापन झाला त्याचे ब्रीदच मुळी मदत करावी, अडथळा आणू नये, असे होते. आणि या मंडळांनी लॉटऱ्या, नाच, चहापाण्याचे समारंभ करून जमविलेल्या पैशांतून कित्येक मैदानांवर छपरे चढली, स्टँड उभे राहिले, पण त्या छपराखाली संचालकांच्या खोलीत एक खुर्ची आम्हांस द्या, असे म्हणण्याचे धाडस फारच थोड्यांनी केले.

रयतेने हा शिरस्ता एकदा उलटा करून पाहिला, त्याची हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे. डर्बी हे रेल्वेच्या आणि रोल्स-रॉइसच्या कारखान्यांचे गाव. तेथील डर्बी काउंटी हा क्लब दुसऱ्या विभागात खितपत पडला असताना, 1967 साली अध्यक्ष सॅम लाँगसन यांनी हार्टलपूलहून ब्रायन क्लफ नावाचा बत्तीस वर्षांचा, गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सोडावा लागलेला, जिभेला हाड नसलेला तरुण आणला, आणि त्याच्यासोबत त्याचा सहायक पीटर टेलर आला. 1969 साली दुसऱ्या विभागाचे आणि 1972 साली चक्क पहिल्या विभागाचे अजिंक्यपद डर्बीला मिळाले. शेवटच्या सामन्यांचे निकाल लागेपर्यंत खेळाडू मायोर्का बेटावर सुटी घालवीत होते आणि प्रतिस्पर्धी हरल्याची व बरोबरीत अडकल्याची वार्ता त्यांना तेथेच मिळाली. ज्या गावच्या सर्वांत मोठ्या कारखान्याचे दिवाळे आदल्या वर्षीच वाजले होते त्या गावाला या यशाचे मोल किती वाटले असेल, हे सांगावयास नकोच. पुढच्या वर्षी युरोपियन कपच्या उपान्त्य फेरीत युव्हेंटसकडून पराभव झाला. परंतु बेसबॉल ग्राउंड या डर्बीच्या मैदानाच्या दाटीवाटीच्या पायऱ्यांवर क्लफविरुद्ध बोलणारा सापडणे आता अशक्य होते.

संघर्ष उद्भवला तो खेळावरून नव्हे. क्लफ दूरचित्रवाणीवर बोले, वर्तमानपत्रांत लिही, आणि बोलताना वा लिहिताना इतर क्लब, लीगचे अधिकारी, प्रसंगी स्वतःचे संचालक यांपैकी कोणाचीही भीड ठेवीत नसे. वाहतुकीच्या धंद्यात स्वकष्टाने वर आलेले लाँगसन, ज्यांनी या तरुणावर एके काळी पुत्रवत् प्रेम केले, ते आता त्याच्या सार्वजनिक बोलण्यास आळा घालू पाहत होते. आणि जॅक कर्कलंड नावाचे संचालक टेलर नेमके काय काम करतो याचा जाब विचारीत होते. 13 ऑक्टोबर 1973 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला हरवून आल्यानंतर, म्हणजे विजयाच्या भरात, 15 तारखेला क्लफ व टेलर यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाने ते मंजूर करून टाकले. राजीनामा हे क्लफच्या हातचे जुने शस्त्र होते. संचालक घाबरतील आणि गाव उठेल असा त्याचा हिशेब असावा, आणि त्याचा अर्धा भाग खरा ठरला.

गाव खरोखरच उठले. निषेधाची चळवळ संघटित झाली, आणि नाटककार डॉन शॉ यांच्यासारखी माणसे तिच्या अग्रभागी आली. सभा भरल्या, मिरवणुका निघाल्या, संचालकांनी चालते व्हावे अशा घोषणांनी मैदान दुमदुमले. खेळाडूंनी मंडळाला पत्र लिहून आपला मॅनेजर परत मागितला. 20 ऑक्टोबरला लेस्टरविरुद्धच्या सामन्याच्या वेळी क्लफ स्वतः प्रेक्षकांत अवतरला, हात उंचावून जयघोष स्वीकारला, आणि थोड्याच वेळात लंडनला मुलाखतीच्या कार्यक्रमासाठी निघूनही गेला. ज्याच्यासाठी लोक घसा फोडीत होते तो दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी निघाला, यातील विसंगती त्या दिवशी कोणाच्या ध्यानी आली असेल असे वाटत नाही. तीनच दिवसांनी मंडळाने डेव्ह मॅके या डर्बीच्याच एका लाडक्या माजी कर्णधाराची नेमणूक केली. ही चाल धूर्त होती. कारण परक्याविरुद्ध उभे राहणे सोपे, मॅकेविरुद्ध उभे राहावयाचे म्हणजे आपल्याच कालच्या दैवताविरुद्ध उभे राहावयाचे. खेळाडू काही काळ धुमसले, संपाची भाषाही झाली. पण हळूहळू चळवळ विरत गेली, आणि 1975 साली मॅकेने डर्बीला पुन्हा अजिंक्यपद मिळवून दिले तेव्हा त्याच पायऱ्यांवरून त्याचा जयजयकार झाला.

तरी चळवळवाल्यांची बाजू पुढील घटनांनी उचलून धरली असे डर्बीत अजून मानतात. 1976 च्या नोव्हेंबरात मॅकेची बडतर्फी झाली, आणि 1977 साली मंडळाने जेव्हा क्लफकडेच पुन्हा दरखास्त केली, तेव्हा शेजारच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये रुळलेल्या क्लफने नकार दिला. त्याच फॉरेस्टला त्याने 1978 चे लीगचे अजिंक्यपद आणि 1979 व 1980 असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून दिले, आणि 1980 सालीच डर्बी काउंटी पहिल्या विभागातून खाली घसरली. मनुष्याच्या पारखीत जमाव बरोबर होता यात मला संशय नाही. परंतु राजीनामा त्या मनुष्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता, कंपनीच्या कायद्याने तो मंजूर करणे हा संचालकांचा हक्क होता, आणि लोकांजवळ सह्यांची पत्रके होती, भाग नव्हते. डर्बीचा जमाव हरला तो या एका गोष्टीमुळे; मॅनेजरविषयीचा वाद पायऱ्यांवरून संचालकांच्या दारापर्यंत जाऊन पोहोचला खरा, पण दार उघडण्याचे साधन कोणाच्याच हाती नव्हते.

उलट दिशेचे उदाहरण जगजाहीर आहे. 1986 साली मँचेस्टर युनायटेडला आलेले ॲलेक्स फर्ग्युसन तीन वर्षांनंतरही काही जिंकेनात, 1989 च्या सप्टेंबरात शेजारच्या मँचेस्टर सिटीकडून 5-1 असा मार खाल्ला, आणि त्या डिसेंबरात एका पाठीराख्याने त्यांना निरोप देणारा फलक मैदानात फडकाविला, ज्यावर तीन वर्षांच्या सबबींचा शेलक्या शब्दांत उद्धार होता. जानेवारीत एफ. ए. कपच्या ज्या सामन्यावर त्यांची नोकरी अवलंबून आहे असे सारे म्हणत होते, त्यात मार्क रॉबिन्सच्या एका गोलने युनायटेड जिंकले. आणि पराभूत फॉरेस्टचे मॅनेजर होते ब्रायन क्लफ. फर्ग्युसन 2013 पर्यंत राहिले आणि लीगची तेरा अजिंक्यपदे मिळवून गेले. तेव्हापासून कोणत्याही क्लबाचा मॅनेजर अडचणीत आला की त्याचे पक्षपाती हा दाखला पुढे करतात. पण संयम बाळगल्यामुळे वाया गेलेल्या क्लबांची यादी कोणी ठेवीत नाही, म्हणून तो दाखला मला तितकासा पटत नाही.

आर्सेनलमध्ये आर्सेन व्हेंगर यांच्याविषयीचा वाद दहा वर्षे चालला, आणि त्यात पाठीराखे एकमेकांवरच उलटले. 1996 साली आलेल्या या फ्रेंच गृहस्थांनी 2003-04 च्या हंगामात अडतीसपैकी एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळविले होते. त्यानंतर 2006 साली नवे विशाल मैदान आले, त्याचे कर्ज आले, उत्तम खेळाडू दरवर्षी विकले जाऊ लागले, आणि 2011 साली क्लबाचा बहुसंख्य भाग अमेरिकन धनिक स्टॅन क्रोंके यांच्या हाती गेला. व्हेंगरांचे उपकार स्मरणारे आणि त्यांना आता पुरे म्हणणारे असे दोन तट पडले. 2017 च्या मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमविच येथील सामन्याच्या वेळी तर एका तटाने त्यांना काढा म्हणणारा फलक विमानाला बांधून आकाशात फिरविला, आणि दुसऱ्या तटानेही त्यांची बाजू मांडणारे विमान उडविले. खाली आर्सेनल 3-1 ने हरले. अखेर 2018 च्या एप्रिलमध्ये व्हेंगरांचे जाणे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी क्रोंके यांनी उरलेले भाग विकत घेऊन, ज्या किरकोळ भागधारकांत कित्येक जुने पाठीराखे होते, त्यांनाही कायद्याने आपले भाग विकावयास लावले. दोन तटांच्या झटापटीत या व्यवहाराची वाच्यता जितकी व्हावयास हवी होती तितकी झाली नाही.

जेथे पाठीराख्यांना मत आहे तेथे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत 1998 पासूनच्या नियमाने क्लबाची मताधिक्यसत्ता, थोडे अपवाद सोडता, सभासदांकडे राहते. बार्सिलोनात सभासद अध्यक्ष निवडतात, आणि प्रशिक्षक कोण असावा हा निवडणुकीचाच मुद्दा होऊन बसतो. इंग्लंडात मात्र याचा सर्वांत टोकाचा प्रयोग केंटमधील एब्सफ्लीट युनायटेड या छोट्या क्लबात झाला. 2008 साली देशोदेशींच्या सुमारे तीस हजार फुटबॉलवेड्यांनी प्रत्येकी पस्तीस पौंड वर्गणी भरून या क्लबाचा बहुसंख्य भाग खरीदला, आणि घरबसल्या संगणकावर मत देऊन संघदेखील आपणच निवडावा, असा मूळ मनसुबा होता. अधिकार हाती येताच या नव्या धन्यांनी संघनिवड मॅनेजर लियम डेश यांच्याकडेच राहू दिली. त्याच मे महिन्यात एब्सफ्लीटने वेंबलीवर एफ. ए. ट्रॉफी जिंकली; पुढील वर्षी मात्र बहुसंख्य सभासदांनी वर्गणीच भरली नाही, आणि 2013 साली उरलेल्यांनी क्लबाची मालकी सोडून दिली.