खांद्यावरचा पट्टा दंडावर आला

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या घोडेस्वाराची स्पेन्सर कार्बाइन त्याच्या पाठीवर नसे, उजव्या मांडीशी लोंबकळत असे. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे चामड्याचा रुंद पट्टा, त्यावर सरकणारा स्प्रिंगचा आकडा आणि त्या आकड्यात कार्बाइनच्या डाव्या कुशीला बसवलेल्या दांडीवरची कडी. घोडा दौडताना बंदूक पायावर आपटू नये म्हणून नळीचं तोंड खोगिराला बांधलेल्या चामडी खोळीत खोचलेलं असे. वेळ आली की बंदूक उचलायची, झाडायची आणि खुशाल सोडून द्यायची. ती कुठे जात नाही, आणि हात लगामाला मोकळे.

स्पेन्सर ही रिमफायर जातीची बंदूक. या जातीच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, भरलेला असतो. बंदुकीच्या घोड्याचा आघात त्या कडेवर झाला की बार उडतो. स्पेन्सरच्या दस्त्यातल्या नळीत अशी सात काडतुसं मावत. ऑगस्ट १८६३मध्ये खुद्द ख्रिस्तोफर स्पेन्सरने ही बंदूक अब्राहम लिंकन यांना दाखवली आणि लिंकननी ती वॉशिंग्टनमध्ये स्वतः झाडून पाहिली. तिची भावंडं म्हणजे पायदळाची स्पेन्सर रायफल आणि हेन्री रायफल. हेन्रीचं प्रकरण जरा गमतीचं आहे. तिची काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात भरत आणि त्यांना मागे ढकलणारं बोंड खालच्या खाचेतून सरकत येई. त्यामुळे नळीभोवती पट्टी आवळून खाली कडी लटकवण्याचा नेहमीचा मार्गच बंद. मग पट्ट्याच्या कड्या नळीच्या आणि दस्त्याच्या डाव्या अंगाला गेल्या. बंदुकीची रचना बदलली की कडीची जागा बदलते, ही कटकट तेव्हापासूनची.

पुढे मोठ्या रिमफायर काडतुसांचा जमाना सरला. सैन्यांनी जास्त दाब सोसणारी सेंटरफायर काडतुसं घेतली आणि रिमफायरच्या वाट्याला उरली ती मुख्यतः लहानखुरी पॉइंट टू-टू. तिचं मूळ पॅरिसच्या फ्लोबेरच्या १८४०च्या दशकातल्या काडतुसात. ते दिवाणखान्यात नेमबाजीची मौज करण्यासाठीच बनवलेलं. १८५७मध्ये स्मिथ अँड वेसनने आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टू-टू शॉर्ट आणलं आणि १८८७मध्ये अमेरिकेतच लाँग रायफल काडतूस आलं, जे आजही जगभर खपतं. दिवाणखान्यातल्या बंदुकीला पट्टा कशाला हवा? पोरासोरांसाठी निघालेल्या रायफलींनाही नको होता. विंचेस्टरची १९००ची एकबारी रायफल, रचना जॉन ब्राउनिंग यांची, दीड किलोसुद्धा भरत नसे. ती हातात धरूनच शेतभर हिंडता येई.

पट्टा परत आला तो बोअर युद्धामुळे, पण वेगळ्याच कामासाठी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमाने ब्रिटिश फौजेची भंबेरी उडवली होती. सामान्य नागरिकालाही नेम धरता यायला हवा, असा धोशा ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि १९०१मध्ये बारीक नळीच्या (स्मॉल बोअर) रायफलींच्या क्लबांची संघटना उभी राहिली. हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स तिचे मोठे पुरस्कर्ते. पॉइंट टू-टूची गोळी स्वस्त, आवाज कमी आणि छोट्या जागेत भागणारी. सराव मात्र लष्करी पद्धतीचा, म्हणून लष्करी पट्टाही सोबत आला.

अमेरिकी सैन्याचा १९०७चा चामडी पट्टा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. रुंदी सव्वा इंच. एक लांब तुकडा, एक आखूड, दोन्हींवर जोडीजोडीने पाडलेली भोकं आणि त्यांत अडकणारे पितळी दुहेरी आकडे. लांब तुकड्याचा फास करायचा, पट्ट्याला अर्धा पीळ द्यायचा, फास डाव्या दंडावर वर सरकवायचा आणि चामडी कडं ओढून आवळायचा. मग हात पट्ट्याच्या बाहेरून वळवून रायफलीखाली न्यायचा. अर्धा पीळ एवढ्यासाठी की पट्टा मनगटाच्या मागे सपाट बसावा, त्याची धार रुतू नये. आता रायफलीचं ओझं स्नायूंवर नसतं, ते हाडांवर आणि ताणलेल्या चामड्यावर येतं. पालथं पडून नेम धरताना हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

या पद्धतीत सगळा ताण दंड आणि पुढची कडी यांच्यामध्येच असतो. मागचा तुकडा सैल लोंबतो. म्हणजे निशाणबाजीपुरती मागची कडी बिनकामाचीच ठरली. जुन्या सवयीपायी ती बरीच वर्षं टिकली, एवढंच.

पुढच्या कडीने मात्र नवीन डोकेदुखी दिली. ती नळीला आवळलेल्या पट्टीवर असेल, तर दंडाचा ओढा थेट नळीवर येतो. नळी किंचित खाली खेचली जाते आणि गोळी नेमाच्या खाली, पुष्कळदा डावीकडेही लागते. पट्टा आज घट्ट, उद्या सैल, तर नेमही रोज नवा. पहिल्या महायुद्धानंतर आलेली विंचेस्टर मॉडेल ५२ ही अमेरिकी स्पर्धकांची दीर्घकाळ लाडकी रायफल. तिच्याही सुरुवातीच्या लष्करी घाटाच्या दस्त्यावर अशी पट्टी होती. १९६१च्या ५२-डी आवृत्तीत पट्टी गेली, नळी दस्त्यापासून सुटी झाली आणि दस्त्याच्या पोटाखाली एक धातूची खाच आली. त्या खाचेत पुढेमागे सरकणारा हँडस्टॉप, म्हणजे हात टेकवायचा अडसर, आणि त्यालाच पट्ट्याची कडी. उंच माणूस ती पुढे नेईल, आखूड हातांचा मागे. जर्मनीतल्या उल्मच्या आन्शुट्झपासून पुढच्या सगळ्या स्पर्धा रायफलींचा घाट याच वळणाचा आहे.

साध्या पॉइंट टू-टूवाल्याला असली चैन नाही. १९६४मध्ये आलेली रुगर १०/२२ लाखोंनी खपली, पण तिच्या साध्या कार्बाइनला पट्ट्याची सोयच नव्हती. कुणी पुढची पट्टी काढून कडीवाली पट्टी बसवतो. कुणी दस्त्यात भोक पाडून छोटा खुंट बसवतो आणि त्यात काढता-घालता येणारी कडी. भोक स्क्रूपेक्षा थोडं बारीक हवं, नाहीतर पकड नाही. फारच बारीक ठेवलं तर अक्रोडाचं लाकूड सरळ तडकतं. शिवाय बाजारातल्या कड्या बहुधा एक इंची आणि सैन्याचा सुती पट्टा सव्वा इंची, तेव्हा तो त्यात चुरगळून अडकणार! शिकारीला जाणाऱ्याला मागची कडी लागतेच, कारण त्याला रायफल खांद्यावर घेऊन चालायचं असतं. दोन्ही कामं एकाच पट्ट्यात बसवण्याची खटपट एरिक चिंग यांच्या नावाच्या पट्ट्यात दिसते. त्यात नेहमीच्या दोन कड्यांच्या मध्ये तिसरी जागा असते आणि तिथून निघालेला आखूड पट्टा दंडाला क्षणात आधार देतो.

भारतात या खेळाची घडी बसवणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१मध्ये स्थापन झाली आणि तिचे संस्थापक अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते. पुढे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये सुवर्णपदक जिंकलं. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. प्रोन म्हणजे पालथं पडून, आणि तिथे पट्ट्यावर फार भिस्त. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. एवढ्याशा जागेत दंडातली नाडीसुद्धा पट्ट्यातून रायफलीपर्यंत पोचते आणि नेमाचं टोक ठोक्यागणिक हलतं. म्हणून जाड चामडी कोट आणि पट्टा दंडाच्या बाहेरच्या अंगाला. आंतरराष्ट्रीय नियमांनी पट्ट्याची रुंदी ४० मिलिमीटरपर्यंत बांधून दिली आहे.

उभ्याने नेम धरताना मात्र पट्टा वापरायला बंदी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत उतरला. गुडघ्यावर बसून आणि पालथं पडून झाडलेल्या फैरींनंतर तो पाचवा होता. मग पट्टा काढला, उभा राहिला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन आला.